खड्ड्यात उतरणाऱ्याची किल्ली

दादा आणि मी लिफ्ट दुरुस्त करतो. या कामात एक नियम मोडायचा नाही: लिफ्टखालच्या खड्ड्यात जो उतरेल, मेन स्विचच्या कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात. सख्ख्या भावाकडेसुद्धा ठेवायची नाही.

मी सातव्या मजल्यावर स्विच बंद केला, कुलूप घातलं आणि किल्ली द्यायला सात जिने उतरायचा कंटाळा केला. फोनवर म्हणालो, "बंद केलंय, उतर."

"किल्ली?"

"माझ्याकडे. भरवसा नाही का?"

"तुझ्यावर नाही, वरच्यावर आहे," दादा हसला. दोन शब्द प्रार्थना पुटपुटून उतरला असणार. त्याशिवाय तो उतरत नसे.

तेवढ्यात इमारतीचा मॅनेजर धापा टाकत आला. दोन्ही लिफ्टचे स्विच एकाच कुलपात. "शेजारची तेवढी चालू करतो, लोक माझं डोकं खातायत. तू जा, चहा घे." मी किल्ली दिली. गाढवासारखी दिली.

दोन मजले उतरलो आणि भिंतीमागे दोर सळसळले. आमच्याच लिफ्टचे. त्या शहाण्याने दोन्ही स्विच ओढले होते. फोन लावला, दादा उचलेना. वर पळालो, पाय घसरला, गुडघा फुटला, पुन्हा पळालो. मॅनेजरला ढकलून स्विच पाडला. लिफ्ट थांबली ती दादाच्या उजव्या पायावर.

दवाखान्यात इन्स्पेक्टरने विचारलं, "किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याच खिशात," दादा म्हणाला. "स्विच बंद न करताच उतरलो. चूक माझी." खोट्याची शिसारी असलेला माणूस. मॅनेजरनेही स्वतःची कातडी वाचवायला किल्लीचं नाव काढलं नव्हतं.

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला. "तू काय म्हणतोस?" तीनदा विचारलं त्याने. तिन्ही वेळा मी म्हणालो, "मला माहीत नाही."

दादाचं लायसन्स गेलं, पायही गेला. माझं लायसन्स शाबूत. लोक म्हणाले, धाकटा बिचारा भावाचंही घर सांभाळतोय. मी ऐकून घेतलं. निर्लज्जपणाला लायसन्स लागत नाही.

काल इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जाऊन सगळं लिहून दिलं. तो म्हणाला, "दोन वर्षांनी सुचलं?" तिथून थेट दादाकडे गेलो. दार वहिनीने उघडलं. तिच्यासमोरच माझी सगळ्यात जास्त फाटत होती. उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं.

ती आत वळली आणि ताट वाढत म्हणाली, "यांनी मला त्याच दिवशी सांगितलंय, भाऊजी. तुम्ही कधी बोलताय याचीच वाट बघत होतो. या, बसा."

आतून कुबडीचा आवाज जवळ येत होता. माझा पाय काही उंबरा ओलांडेना.