विसावं कार्ड

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी रिस्पर अलुओचच्या टपरीवरच्या कार्ड घेणाऱ्या मशीनने एकोणिसाव्या कार्डाची पावती छापली. गिऱ्हाईक बंदरावरचा पहारेकरी होता. तळलेला मासा आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली संपवून, पावती खिशात घालून तो निघून गेला. सहा वाजायला अठ्ठेचाळीस मिनिटं उरली.

हवी होती वीस कार्डं. सात दिवसांत वीस वेगवेगळी कार्डं, प्रत्येकावर खरी विक्री, मुदत शनिवारी सहापर्यंत, अशी मशीनच्या कंपनीची अट होती. जमलं तर मशीन टपरीतच राहणार होतं आणि होड्यांच्या शर्यतीच्या आठवड्यात सरोवराच्या काठावरची आठवी जागा रिस्परला मिळणार होती. शर्यतीला परदेशी पाहुणे येतात. त्यांच्याकडे शिलिंगच्या नोटा नसतात आणि इथला फोनवरचा पैसाही नसतो, म्हणून जागा फक्त मशीनवाल्यांना. सात जागा मोठ्या हॉटेलांनी घेतल्या होत्या. किसुमू शहरातल्या पत्र्याच्या टपऱ्यांमधून तिथवर आजपर्यंत कुणी पोचलं नव्हतं.

टपऱ्यांच्या ओळीत सगळा व्यवहार फोनवर. रिस्परचा नंबर फळीवर निळ्या रंगात रंगवलेला होता. गिऱ्हाईक तो दाबायचं, पडद्यावर आलेलं नाव मोठ्याने वाचायचं, "रिस्पर अलुओच ना?" ती म्हणायची, "मीच ती." की झालं. कार्डं पगाराबरोबर, पेन्शनबरोबर घरोघरी आलेली होती, पण ती गादीखाली पडून. आठवडाभर रिस्परने ती बाहेर काढायला लावली, आणि काढणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करत होता. फोनच्या पैशाचा चार आकडी पिन बोटांत इतका मुरलेला, की तोच मशीनवर दाबला जायचा. तीनदा चुकलं की कार्ड बंद. अशी सहा कार्डं बंद पडली होती, आणि त्यांच्या मालकांतला एक शिंपी तेव्हापासून रिस्परशी बोलत नव्हता.

सव्वापाचला ओबुरा मास्तर आले. निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली. पेन्शनचं कार्ड त्यांनी रुमालात गुंडाळून आणलं होतं.

"अकेलोची आई, घे," तिच्या थोरल्या मुलीच्या नावाने हाक मारत ते म्हणाले, "विसावा मी."

रिस्परने बजावून सांगितलं, की पिन फोनचा नव्हे, कार्डाचा घाला.

"माझ्याकडे एकच आकडा आहे. बायकोही एकच आहे. दोन्ही आजवर चालली."

पहिल्यांदा चुकलं. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा तेच चार आकडे दाबले. पुन्हा चुकलं. आजूबाजूला सातआठ माणसं जमली होती. कुणी म्हणालं जन्मसाल टाका, कुणी म्हणालं लग्नाचं टाका. त्यावर लग्नाचं साल तर त्यांना बायकोसमोरही आठवत नाही, असं तिसऱ्याने सांगितलं आणि हशा पिकला. मास्तरांचं बोट पुन्हा मशीनकडे गेलं.

रिस्परने कार्ड उपसून त्यांच्या हातात दिलं. महिनाअखेर होती. त्याच कार्डावर त्यांची पेन्शन जमा व्हायची.

"अजून एक संधी आहे," मास्तर म्हणाले.

"ती तुमची. माझ्या टपरीवर नको," ती म्हणाली.

बाकावर चेबेट बसली होती, मशीनच्या कंपनीची मुलगी. तिने वहीतून मान वर करून घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

शेजारच्या टपरीतून बेंटर हे सगळं पाहत होती. आठवडाभर तिने रिस्परला टोमणे मारले होते, की मासे आता प्लास्टिकमध्ये पोहायला लागले म्हणायचे. ती हात पुसत आली आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "महिला गटाने मला एक दिलंय. दोन वर्षं झाली. पाकीटसुद्धा फोडलं नाही."

"पिन?"

"पिनचं पाकीटही तसंच. बिघडवायला मी ते वापरलंच कुठे?"

सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळले. बेंटरने आधी अट घातली. शर्यतीच्या आठवड्यात अर्धी चूल तिची. रिस्परने अर्धी दिली. मग चेबेटने विक्री खरी हवी, म्हणजे मासा विकत घ्यावा लागेल, असं सांगितल्यावर बेंटर जागच्या जागी थांबली.

"माझे पंचवीस मासे तळून पडलेत आणि मी हिचा मासा विकत घेऊ?"

"मोठा घे," रिस्पर म्हणाली, "वसूल तरी होईल."

पाकिटं घरी पेटीत होती. बेंटर मोटारसायकलवर मागे बसून गेली. ती परतेपर्यंत कुणीच जागचं हललं नाही. रिस्परने एकच मासा तीनदा उलटला. पाच बावन्नला मोटारसायकल वळणावर दिसली तेव्हा मास्तरांनीच पहिल्यांदा आरोळी ठोकली.

पाकीट फाडलं गेलं. आकडे इतके फिकट छापलेले, की बेंटरने ते उजेडात धरून एकेक मोठ्याने वाचायला सुरुवात केली. चेबेटने घाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. मग गर्दीने तिच्याकडे पाठ फिरवली, झाडून सगळ्यांनी, आणि बेंटरने चार बटणं दाबली. पाच छप्पन्न. मशीनवर गोल फिरायला लागलं. रिस्परला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

पाच अठ्ठावन्नला बेंटरच्या फोनवर संदेश आला. सहाशे शिलिंग वजा. टपरी दणाणली. कुणी रिस्परला उचललं, कुणी उलथन्याने पत्रा बडवला. मशीनवरचं गोल मात्र फिरतच होतं. पावती येईना. सहा वाजून एक मिनिटाने पडद्यावर अक्षरं उमटली: उत्तर मिळाले नाही.

चेबेटने बेंटरच्या संदेशाचा फोटो काढला, वेळ लिहून घेतली आणि कंपनीला फोन लावला. पैसे निघाले होते पण पोचले नव्हते. ते पोचले तर वीस, परत गेले तर एकोणीस, असं पलीकडून सांगण्यात आलं. निर्णय सोमवारी.

बेंटरने मासा तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. मीठ कमी आहे म्हणाली, काटेही चोखले. चुलीचा कोणता अर्धा भाग तिचा, यावरून दोघींचं त्याच संध्याकाळी भांडण झालं.

सोमवारी सकाळी नऊ वाजेपर्यंत सहाशे शिलिंग बेंटरच्या खात्यात परत आलेले नव्हते. रिस्परच्या खात्यातही नव्हते.