बाजेचे दोन पाय

बसवंतरावांनी माझ्या ताऱ्यांच्या यादीवर, त्यांच्या भाषेत फेहरिस्तीवर, सही मागितली तेव्हा मला त्यात काही गैर वाटले नाही. सही केल्याशिवाय मी कुणाला काही लिहून देतच नाही.

"काय काय दिसणार, किती वाजता, कोणत्या अंगाला, समदं लिहा," ते म्हणाले. "खाली दस्तखत करा. मी घड्याळ घेऊन येतो. फेहरिस्तीतलं एकूण एक दिसलं, तर पुढच्या साली मुलींच्या नववीला विज्ञान मंजूर. एक जरी चुकलं, तर शिवण."

बसवंतराव मानवतचे कापसाचे अडते आणि आमच्या मुलींच्या शाळेच्या समितीचे प्रमुख. कपाळावर विभूतीचे पट्टे, खिशात साखळीचे घड्याळ. मी हैदराबादेत पदार्थविज्ञान शिकून दीड वर्षापूर्वी या शाळेत शिकवायला आले होते. नववीत जाणाऱ्या मुली सात. त्यांत बसवंतरावांचीच मुलगी महानंदा होती. वर्गातली जुनी विजेची घंटी तिने खोलून, पुसून, पुन्हा वाजती केली होती. शिवणाच्या तासाला तीच मुलगी खिडकीबाहेर बघत बसायची. त्यामुळे त्या कागदावर काय अवलंबून आहे ते मला नीट कळत होते.

हे १९५८ सालच्या जानेवारीतले. मुलींना माळावर आकाश दाखवायला मी पौष वद्य द्वादशी ठरवली. अंधार अमावास्येला सगळ्यात चांगला, पण अमावास्येला माळावर मुली कोण पाठवणार? द्वादशीला चंद्र पहाटे उगवतो, म्हणजे संध्याकाळ आपलीच. आयांची नाराजी नको म्हणून आधी हुरडा, मग आकाश, असा बेत केला. कॉलेजात बक्षीस मिळालेल्या इंग्रजी पुस्तकात तारकांचे नकाशे होते. जानेवारीचा नकाशा समोर घेऊन मी यादी उतरवली: मृग, व्याध, कृत्तिका, ध्रुव, आणि पाचवे सप्तर्षी, उत्तरेला, रात्री आठ वाजता. सही केली आणि कागद दुकानात पोचवला.

जागा बघायला मी आणि महानंदा चार दिवस आधी, रविवारी दुपारी निघालो. गावाबाहेर एक बुटकी टेकडी आहे. तिच्या उत्तर बाजूला सपाट माळ होता, आणि ध्रुव दाखवायला उत्तर मोकळी हवी, म्हणून मला तो पसंत पडला. मी पावलांनी अंतर मोजत होते, महानंदा आकडे लिहून घेत होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, जमीन इकत घ्यायलाव काय?"

टेकडीवरून एक धनगरीण उतरत होती. साठीची असेल. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायाशी दोन कुत्री. महानंदा तिला ओळखत होती. ती बानूबाई. टेकडीपलीकडे बसवंतरावांच्या पडीक रानात खतासाठी तिच्या मेंढ्या बसवल्या होत्या, म्हणून ती महिनाभर तिथेच उघड्यावर मुक्कामाला होती.

"चांदण्या दाखवायच्यात मुलींना," मी म्हणाले.

"अगं बया! आन् त्यासाठी मोजायलाव?" ती हसली. "वाचा की, काय काय दावणार ते."

मी वाचले. मृगाला ती तिकांडं म्हणत होती, हरणाच्या पोटात रुतलेला तीन पेरांचा बाण. व्याध झाला, कृत्तिका झाल्या. ती मान डोलवत गेली. सप्तर्षींपाशी काठी थांबली.

"बाजलं म्हणा की. चार चांदण्यांची म्हातारीची बाज आन् मागं तीन चोर. आठाला न्हाई दिसायचं बाई."

"नकाशात आहे," मी म्हणाले.

"नकाशा कुठं निजतो? माळावर?"

महानंदाने तोंड वहीमागे लपवले.

"आठाला बाजंचे दोन पाय वर येतेत," बानूबाई म्हणाली. "दोन भुईतच. चोर तर लय मागं. तिकांडं माथ्यावरून कललं की मग तिसरा चोर निगतो. त्या वक्ताला मी कोकरं बघाया उठते, चुकायची न्हाई. आन् अगस्ती कुठाय तुमच्या कागदात?"

"अगस्ती?"

"त्यो दिसला की पाऊस सरला. त्यो बघूनच आमी मेंढरं घेऊन रानं धरतो. एवढा थोरला चांदवा, आन् लिवला न्हाई?" तिने काठी दक्षिणेकडे केली. काठी टेकडीला अडली. "हितून दिसणारबी न्हाई. पलीकडं चला, माझ्या मेंढरांच्या वाड्यापाशी."

घरी येऊन मी पुस्तक उघडले. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापले होते: अक्षांश बावन्न उत्तर. मी ते शंभरदा पाहिले असेल. मानवत एकोणीस अंशांवर आहे. हे इंग्लंडचे आकाश होते. तिथे सप्तर्षी कधी मावळत नाहीत आणि अगस्ती कधी उगवत नाही.

तरी खात्री करायला हवी होती. रात्री आठ वाजता घराच्या सपाट धाब्यावर चढले. उत्तरेच्या कडेला, धुरकट पट्ट्याच्या थोडे वर, दोन तारे होते. फक्त दोन. दक्षिणेला लिंबाच्या फांद्यांतून एक ठळक, पांढरा तारा लुकलुकत होता. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा, आणि माझ्या यादीत नव्हता. लाज वाटली, पण तिच्याआधी नवल वाटले. घड्याळ नाही, कागद नाही, आणि त्या बाईने आठ वाजताचे आकाश भर दुपारी काठीने काढून दाखवले होते.

मी गप्प बसू शकले असते. कडेचे दोन तारे दाखवून "हेच सप्तर्षी" म्हटले असते, तर बसवंतरावांना कळले नसते. पण महानंदाला कळले असते.

सकाळी नवी यादी लिहून मी दुकानात गेले. सप्तर्षींच्या जागी लिहिले होते: आठ वाजता बाजेचे दोन पाय, तिसरा चोर, तिकांडं कलण्याच्या हिशेबाने, सुमारे अकराला. अगस्ती, दक्षिणेला, आठ वाजता.

"पहिली चुकली," मी म्हणाले.

"कोणी काढली चूक?"

"बानूबाईंनी. तुमच्या रानात मेंढ्या आहेत त्यांच्या."

गादीवरचे दोघे-तिघे हसले. बसवंतराव हसले नाहीत. "म्हणजे शिकलेल्या बाईला धनगरणीनं शिकवलं."

"हो."

त्यांनी दोन्ही कागद घडी करून खिशात घातले. "दस्तखत पहिल्यावर आधी झालंय, बाई. ध्यानात ठेवा."

द्वादशीला टेकडीपलीकडे हुरडा झाला. मुलींची तोंडे काळी झाली. आगटीचा जाळ विझवला, कंदिलावर पोते टाकले, आणि सगळ्याजणींनी माना वर केल्या. मी एकेक तारा दाखवत गेले. बसवंतराव घड्याळ आगटीतल्या निखाऱ्याजवळ नेऊन बघत. आठ वाजले. उत्तरेला दोन तारे. मेंढ्यांच्या पाठींवर, दक्षिणेला, अगस्ती. टेकडी मागे लांब राहिली होती, उत्तरेला किंवा दक्षिणेला मधे काही नव्हते.

"अप्पा, ती बाज अर्धीच आली," महानंदा म्हणाली. "बाई म्हणाल्या तशी."

"बाई म्हणल्या का बानू म्हणली?" बसवंतराव म्हणाले. "काय गं बानू, तुझे चोर कधी यायचे?"

"येतेत की, मालक. तुमाला नीज आली तर पडा. चोर काय मालकाला पुसून येतेत?"

मुली खदखदून हसल्या. 

नऊ वाजता मी मुलींना घेऊन निघाले. बसवंतराव निघेनात. महानंदाला माझ्याबरोबर पाठवले आणि म्हणाले, "फेहरिस्त अजून पुरी व्हायची हाय." वळून पाहिले तेव्हा ते बानूबाईने दिलेली घोंगडी पांघरून आगटीजवळ बसले होते आणि ती उभी राहून काठीने तिकांडं दाखवत होती. मला परत जावेसे वाटले. पण सात मुली घरी पोचवायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला महानंदाने माझ्या हातात एक लिफाफा दिला. आत दोन्ही कागद होते. पहिल्यावर सप्तर्षींपुढे लाल फुली. दुसऱ्यावर प्रत्येक ओळीपुढे खूण, आणि शेवटी मोडी वळणाच्या अक्षरात लिहिले होते: "तिसरा चोर अकरा वाजून दहा मिनिटांनी निघाला. तिकांडं कललेलं होतं. बानू आधी उठली, मी नंतर पाहिलं."

त्याखाली: "नववीला विज्ञान मंजूर. पुढच्या वेळी नकाशा हितला घ्यावा." आणि सही.

हितला नकाशा कुठे छापलेला नव्हता. रविवारी मी कोरे कागद घेतले, महानंदाला बरोबर घेतले आणि टेकडीपलीकडे बानूबाईकडे गेले.