पाच पायऱ्या आणि एक फाटक

शाळेत प्रवेश सर्वांना खुला होता. फक्त तो पाच पायऱ्यांच्या वर होता.

वेल्डरच्या नऊ वर्षांच्या लेकीला सारी गल्ली ठिणगी म्हणे. पाय लुळे, पण जीभ दोन माणसांची. बापानं सायकलच्या चाकांवर बनवलेल्या खुर्चीत बसून ती सलग तिसऱ्या वर्षी पायऱ्यांपाशी आली होती. नावनोंदणी उद्या संपणार होती.

हेडमास्तर वरच्या पायरीवरून म्हणाले, "आमची ना नाही हो! नियम एवढाच, मुलानं स्वतः कार्यालयात हजर व्हायचं."

"मी उचलून आणतो की," वेल्डर म्हणाला.

"मग हजर तुम्ही झालात. तुम्हाला घालू का पहिलीत?"

शिपाई नियमानुसार हसला.

"मग उतार तरी बांधा, सर."

"त्याचा अर्ज केव्हाच वर गेलाय."

"अर्जाला पाय आहेत वाटतं," ठिणगी म्हणाली.

"पोरीला आवरा, वेल्डर! माणसानं आपली पायरी ओळखावी."

"ओळखते की, सर. पाच आहेत. तिसरी डुगडुगते."

हेडमास्तरांनी विषय बदलला. "शाळेचं मोडकं फाटक दोन महिने तुमच्याकडे पडलंय. ते कधी लावून देताय?"

"उद्या सकाळी," म्हणत वेल्डरनं टेप काढला आणि पायऱ्या मोजल्या.

सकाळी हातगाडीवरून फाटक आलं. गजांवर जाड पत्रा वेल्ड केलेला. वेल्डर आणि हातगाडीवाल्यानं ते उचललं आणि पायऱ्यांवर तिरकं टाकलं.

"अहो, फाटक उभं लावतात!"

"पावतीवर नुसतं 'लावून देणे' आहे, सर. सही तुमचीच."

ठिणगीनं चाकांना हात घातला. अर्ध्यावर खुर्ची मागे घसरली. बाप धावला.

"हात लावू नकोस!" ती ओरडली. "नाहीतर हजर तू होशील!"

दात-ओठ खात, एकेक वीत करत ती वर पोचली आणि थेट कार्यालयात, टेबलाला खुर्ची आपटूनच थांबली.

"हजर. लिहा नाव."

हेडमास्तरांनी नियम आठवून पाहिले. एकही कामाचा निघेना. नाव लिहिलं. मग अचानक त्यांचा चेहरा उजळला. "पण पहिलीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे!"

ठिणगीनं जिन्याकडे मान वर करून पाहिलं.

"बाबा, शाळेचं मागचं फाटकही कुरकुरतं ना?"

"कुरकुरतं तर," वेल्डर म्हणाला आणि टेप घेऊन जिन्याकडे निघाला.