नवरदेवाची सुरी

"आये, फुकून फुकून घर पेटवतीस काय?" अमृतनं डोळं चोळत परसात पाऊल टाकलं. मुक्ताबाईनं गवऱ्यांचा लालबुंद इंगळ केला होता आणि तिच्या मांडीवर नवरदेवाची सुरी होती.

सबंध आळीत सुरी एवढीच. अंगाला हळद लागली की नवरदेवानं ती हातात धरायची, टोकाला लिंबू खोचायचं, म्हंजे दिष्ट लागत नाही. मुक्ताबाईचा नवरा भीमा ती घेऊन बोहल्यावर चढला आणि सुरी ह्याच घरात राहिली. भीमा गेला, सुरी मात्र आळीतल्या पोरापोराच्या लग्नात मिरवून आली. भीमाच्या पोरानं, अमृतनं, ती दर वेळी नवरदेवामागं उभं राहून सांभाळली, स्वतः नवरदेव होऊन तेवढी धरली नाही. लिंबाच्या आंबटानं पात्याचा काळा रंग पार उडाला होता. टोक तर पांढरंफटक, त्यावर तांबेरा.

अमृत चाळिशीला टेकलेला. रान आपलं, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण पोरगी बघायला गेलं की सवाल एकच, नोकरी कुटं?

"आगं, त्यांचा होकार तर यिऊ दे. बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी!"

"गप. रेश्माच्या आयनं मला दोनदा च्या दिला. पोरगी तुज्याकडं बगून हासली. म्या बगितलं न्हाय व्हय?"

हसली होती खरी. तेवढ्या हसण्यावर अमृत रोज दाढी करत होता. माणूस आशेला लई स्वस्तात विकला जातो बघा.

तो आईजवळ बसला. मुठीला ओलं फडकं गुंडाळलं, पातं राखेनं घासलं, इंगळावर तापवलं आणि करडीच्या तेलाचा बोळा फिरवला. चर्र झालं, धूर नाकात गेला. हळूहळू पात्यावर काळं चढायला लागलं आणि मुक्ताबाईचं तोंड उजळलं.

तेवढ्यात शेजारची राजाबाई कुंपणाशी आली. "बरं झालं बाई, सुरी काडलीयाच की! आमच्या अजिंक्यचं जमलं."

"आगं बया! पोरगी कुटली?"

राजाबाई अडखळली. "तुमी बगून आलता, तीच. रेश्मा. त्यास्नी आमच्या अजिंक्यवानी चिंचोळीच्या कंपनीतला जावई पायजे हुता. आमी मागं लागलो न्हाय बरं, त्येंचाच फोन आला."

मुक्ताबाईच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. "न्हाय द्यायची सुरी! जा!"

"आये, सुरी आळीची हाय," अमृत म्हणाला.

"मग तू रं? तू कवा धरायची?" आणि ती माऊली मोठ्यानं रडायलाच लागली. अमृतला लई वाटलं, सुरी उकिरड्यात फेकावी आणि वळसंग गावच सोडून जावं. पण जाणार कुठं? त्यानं पातं पुन्हा इंगळावर धरलं.

"काकी, सांजच्याला न्या. टोकाला आजून एक हात द्याया लागंल. फोटूत पांढरं दिसंल."

राजाबाईनं पदरानं डोळे टिपले. तिला खरंच भरून आलं होतं. "लई गुणाचं लेकरू बाई! अमृत, हळदीला लवकर यी. आमच्या अजिंक्यला सुरी धराया जमायची न्हाय, कुटंबी ठिवंल. तूच त्याच्या मागं हुबा ऱ्हा. तुला काय, सवय हाय."

"व्हय की," अमृत म्हणाला आणि सांडलेल्या तेलातच त्यानं फडकं भिजवलं.