साठाचे पंचावन्न

सोनोग्राफी विभागात एकवीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे ताईच म्हणत. पोटातल्या रक्तवाहिन्या बघण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्यांनाही पुरतं ठाऊक होतं.

त्यांच्याकडे घड्याळं दुरुस्त करणारे एक काका तपासणीला येत. काकांच्या पोटातली मुख्य धमनी फुगली होती, चांगली अठ्ठावन्न मिलिमीटर. डॉक्टरांनी जांघेतून वाट काढून तिच्या आत कापड लावलेली जाळीची नळी बसवली होती. रक्त नळीतून वाहू लागलं की बाहेरच्या भिंतीवरचा ताण जातो आणि फुगा हळूहळू आक्रसतो. पण भिंत जिवंत असते. नळीची टोकं तिला जिथे आतून रेटतात, तिथे कधी ती नळीला घट्ट धरून बसते, तर कधी सैल पडत रुंदावते, आणि फटीतून रक्त परत फुग्यात शिरतं. म्हणून दर सहा महिन्यांनी मोजमाप. आधी छप्पन्न आलं, मग चोपन्न.

तिसऱ्या खेपेला टेबलावर आडवं होता होता काका म्हणाले, "चाळीस वर्षं मी लोकांची यंत्रं उघडून बघितली ताई. आता भोगतोय."

"गप्प पडा जरा," कोपऱ्यातून काकू म्हणाल्या. "त्यांना काम करू द्या."

ताईंनी भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं. साठ. पुन्हा मोजलं. साठच. गळती कुठे दिसेना, पण आतड्यातल्या हवेमुळे खालचं टोकही धड दिसत नव्हतं.

खरं तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा. पण आदल्याच आठवड्यात ताईंनी असाच फोन केला होता, त्या रुग्णाचा सीटी स्कॅन अगदी स्वच्छ निघाला, आणि डॉक्टर सगळ्यांसमोर हसले होते, "ताईंना हल्ली जिकडेतिकडे फुगे दिसतात!" ते हसू अजून टोचत होतं. माझाच हात तिरका पडला असेल, असं ताईंनी मनाशी म्हटलं. मग पडद्यावरच्या दोन्ही खुणा त्यांनी भिंतीच्या आतल्या कडेला ओढल्या. पंचावन्न. तेच लिहिलं.

"छान आहे ना?" काकूंनी विचारलं.

"छान आहे."

"तुमच्याकडे आलं की जिवाला बरं वाटतं," काकू म्हणाल्या.

पाच महिन्यांनी काकांची पाठ असह्य दुखू लागली. स्कॅनमध्ये फुगा अडुसष्टवर गेलेला. खालच्या टोकाशी भिंत रुंदावली होती, नळी सुटली होती आणि रक्त आत भरत होतं. तातडीनं आणखी एक नळी जोडावी लागली. काका वाचले, पण या धावपळीत टोचाव्या लागलेल्या रंगद्रव्यामुळे मूत्रपिंडांनी मार खाल्ला तो खाल्लाच.

विभागाच्या बैठकीत डॉक्टर म्हणाले, "मागच्या वेळी पंचावन्न होतं, ताईंचं मोजमाप आहे. म्हणजे भिंतीनंच दगा दिला." सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंनीही डोलावली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जुनी चित्रं काढली आणि डॉक्टरांसमोर ठेवली. "भिंतीनं नाही, मी दगा दिला. हे साठ होतं."

डॉक्टरांनी चित्रावरच्या कडा स्वतः मोजून पाहिल्या. "फोन का नाही केलात?"

"तुम्ही हसाल म्हणून."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "त्यांना सांगायला हवं," ते हळूच म्हणाले. "मी येतो बरोबर."

वॉर्डात काका उशीला टेकून बसले होते. ताईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. माफी मागताना आवाज चिरकला, त्याचीही त्यांना लाज वाटली. आपण रडलो तर यांनाच आपली समजूत काढावी लागेल.

"म्हणजे नजरचूक नव्हती," काका सावकाश म्हणाले. "तुम्हाला दिसलं होतं."

"हो."

"मग मी कशाला माफ करू? चूक माफ करतात."

काकूंनी ताईंकडे बघितलंच नाही. "पुढच्या वेळी यांना दुसरं कोणीतरी द्या," एवढंच त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

चौकशी झाली. ताईंच्या प्रत्येक मोजमापावर सहा महिने दुसऱ्याची सही लागायची, आणि त्यांनी कुरकुर केली नाही. वाढ दिसली की न विचारता सीटी, असा नियम डॉक्टरांनी स्वतः लिहून काढला.

काका पुन्हा आले तेव्हा शेजारच्या खोलीत धाकट्या सहकारिणीनं त्यांना तपासलं. ताई दाराबाहेर फायली लावत उभ्या होत्या, आत जायचं धाडस नव्हतं. सहकारिणी बाहेर येऊन कुजबुजली, "त्रेसष्ट. उतरतंय, ताई."

"बाहेरच्या कडेपासून मोजलंस ना?"

"दोनदा."

मागून काका काठी टेकत आले. ताईंपाशी क्षणभर थांबले, मान किंचित हलवून पुढे गेले. काकू मात्र न थांबता गेल्या. ताईंनी फायली उचलल्या आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.