परत आलेल्या गौरी

अपर्णाने सुरीचं टोक चिकटपट्टीखाली सारून खोकं उघडलं. आत कागदाच्या बोळ्यांत गौरीचा मुखवटा उताणा पडला होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलून खिडकीकडे धरला, तेव्हा ओठांना लागलेलं पुरण दिसलं. वाळून त्याची खपली झाली होती, पण वेलचीचा वास अजून येत होता.

"अम्मा, ओटीपी बोलो ना," दारात उभा असलेला डिलिव्हरीवाला म्हणाला.

"ये देखो. खाना खाके वापस आई है."

"मेरे को क्या मालूम अम्मा. मैं लाके देताऊँ, ले जाताऊँ. जो है सो अ‍ॅप में डालो."

त्याच्याशी भांडून काय होणार होतं? तिने आकडे सांगितले आणि तो दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरून गेला.

त्या आठवड्यातलं हे पाचवं खोकं. प्रत्येकात दोन मुखवटे, थोरली आणि धाकटी. परत पाठवण्याचं कारण पाचही खोक्यांवर एकच छापलेलं होतं: वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. सगळ्यांच्या कपाळावर हळदीकुंकवाचे थर होते, एकीच्या गळ्यात कापसाचं वस्त्र अडकलेलं होतं, आणि जवळजवळ सगळ्यांच्याच मानेच्या पोकळीत पिवळ्या अक्षता होत्या. गौर तीन दिवसांची पाहुणी. पहिल्या दिवशी येते, दुसऱ्या दिवशी जेवते, तिसऱ्या दिवशी निघते. अ‍ॅपवर मात्र ठळक अक्षरांत हमी होती, पसंत न पडल्यास सात दिवसांत पैसे परत. ज्याने कुणी हे सात दिवस ठरवले त्याला गौरी ठाऊकही नसतील, पण लोकांनी हिशेब बरोबर बसवला होता. आणावी, मिरवावी, जेवू घालावी आणि उरलेल्या चार दिवसांत पैसे वसूल करावेत.

मुकुंदराव आरामखुर्चीतून हे पाहत होते. तिचे यजमान. उभा जन्म कोर्टात पेशकारी करून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले.

"वर्णनात लिहिलं नव्हतंस ना, की ही पुरण खाते म्हणून," ते म्हणाले.

अपर्णा हसली नाही. ते उठून आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी खोकं उचलून त्यावरचा पत्ता वाचला.

"अगं, हे तर नल्लकुंट्याचंच आहे. ऑटोनं दहा मिनिटं. जाऊन विचारायचं का?"

"काय विचारू? पोटभर जेवली का म्हणून?"

त्यांनी खोकं गुपचूप खाली ठेवलं.

एका जोडीला तिचे तीन आठवडे जात. कागदाचा लगदा साच्यात दाबायचा, सावलीत वाळवायचा, घासून गुळगुळीत करायचा, कोठीच्या बाजारातून आणलेल्या रंगाचे तीन हात द्यायचे आणि शेवटी श्वास रोखून डोळे काढायचे. आषाढ लागला की बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत फ्रिजवर, कपाटावर, पलंगाखाली देवीचे चेहरे वाळत असत. पंचवीस वर्षं ती हे करत आली होती, आणि पंचवीस वर्षं नातलग आणि शेजारणी 'काय सुरेख हात आहे गं तुझा' म्हणून ते फुकट उचलून नेत आल्या होत्या. सुरेख हाताला कुणी कधी रुपया दिला नव्हता. तीन वर्षांपूर्वी मुलीने, स्नेहाने, अ‍ॅपवर दुकान काढून दिलं, तेव्हा पहिल्यांदा तिच्या नावाची पाटी झाली, तिच्या कामाला किंमत लागली. पहिली ऑर्डर आली त्या दिवशी ती उगाचच दोनदा गच्चीवर जाऊन आली होती. एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता, आणि हे तिने मुकुंदरावांना तोंडावर सांगितलंही होतं.

संध्याकाळी स्नेहा ऑफिसचा लॅपटॉप मिटून तिच्या शेजारी येऊन बसली.

"आई, वॉर्निंग आलीय. बावीसमधून पाच रिटर्न. लिमिटच्या वर गेलो आपण."

"मग?"

"मग शॉप बंद करतील. पण क्लेम टाकता येतो. वापरून परत केलं असं प्रूव्ह झालं ना, तर तो रिटर्न धरत नाहीत. एक जरी जिंकलो तरी बास."

"हे पुरण दिसत नाही का त्यांना?"

"फोटो काढते ना. आणि आपल्याकडे पॅकिंगचे व्हिडिओ आहेत. पाठवताना क्लीन होतं, हे त्यात दिसतंच. उगाच परेशान होऊ नको."

व्हिडिओचा नियम स्नेहाचाच. डाळीच्या डब्याला टेकवून फोन उभा करायचा आणि त्याच्यासमोर प्रत्येक मुखवटा खोक्यात भरायचा. मायलेकींनी पाचही दावे त्याच दिवशी भरले. पुरणाचा फोटो, अक्षतांचा फोटो, पिवळ्याधमक कपाळांचे फोटो. अपर्णाला त्या रात्री चांगली झोप लागली. सत्य बाजूला असलं की माणसाला झोप लागते.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. स्नेहाने ते आधी मनात वाचलं, मग आईकडे पाहिलं.

"पाचही रिजेक्ट."

"का?"

"ते म्हणतात, विक्रेत्याच्या स्वतःच्या व्हिडिओत पॅकिंग करतानाच वस्तूला रंग लावताना दिसतंय. म्हणजे डाग ग्राहकाने पाडले असं म्हणता येत नाही."

तिने व्हिडिओ लावला. फोनच्या पडद्यावर अपर्णाचे हात दिसले. हातांनी मुखवटा कागदात गुंडाळायला घेतला, थांबले, पडद्याबाहेरून करंडा ओढला, अनामिकेने हळद आणि मग कुंकू गौरीच्या कपाळावर टेकवलं, आणि मग कागद मिटला. पाचही व्हिडिओंत तेच. तिला स्वतःलाही आठवत नव्हतं. सवाष्ण दारातून निघाली की तिला कुंकू लावायचं, मोकळ्या कपाळाने पाठवायची नाही, हे हाताला इतकं ठाऊक होतं की डोक्याला विचारायची गरजच पडली नव्हती.

मुकुंदरावांनी व्हिडिओ दोनदा पाहिला.

"चाळीस वर्षांत असा खटला नाही बघितला मी," ते म्हणाले. "आपलाच साक्षीदार आपल्यावर उलटला."

"पण ते पुरण?" अपर्णा म्हणाली. "पुरण पण मीच भरवलं?"

"पुरणाचं लिहिलंच नाहीये काही," स्नेहा म्हणाली.

स्नेहाने मग इंग्रजीत एक लांबलचक माफीपत्र लिहिलं. चूक कुणाची आणि माफी कुणी मागायची, पण मागितली. दुकान लगेच बंद झालं नाही. वर्ष संपेपर्यंत त्यावर नजर राहणार होती. तेवढ्यात पार्सलला एकदा जरी उशीर झाला, एक जरी वस्तू परत आली, तर कायमचं कुलूप.

"आता दोन गोष्टी," स्नेहा म्हणाली. "यापुढे कुंकू नाही. प्लीज. आणि हे दहा पीस पुसून टच-अप कर ना. परत लिस्ट करू. कुणाला काय कळणार आहे?"

"पूजलेली लक्ष्मी आहे ती. कुणाच्या तरी घरी बसलेली, जेवलेली. ती काय उष्टी ताटं आहेत, विसळून पुन्हा मांडायला?"

"मग काय करणार त्यांचं?"

विकायच्या नाहीत, टाकायच्या नाहीत, आणि ज्यांनी आणल्या त्यांनी बोळवण केलेली नाही. तिने दहाही मुखवटे जुन्या मऊ पातळात गुंडाळले आणि पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवले. दसरा गेला, दिवाळी गेली, तिने लगद्याला हात लावला नाही. साचे गच्चीच्या जिन्यात पडून राहिले. मनच होत नव्हतं. अ‍ॅपवरचं दुकान मात्र उघडंच होतं.

मार्गशीर्षाच्या तोंडावर एका सोमवारी फोन वाजला. ऑर्डर होती. एकच मुखवटा, गुरुवारच्या लक्ष्मीच्या घटावर बसवायला. बिदरच्या तारामतीबाई. नाव अपर्णाला आठवलं, गेल्या मार्गशीर्षात याच बाईंनी एक मुखवटा नेला होता आणि परतबिरत काही केला नव्हता. फोनच्या पडद्यावर लाल आकडे होते: बुधवार सकाळपर्यंत पार्सल निघायला हवं.

घरात एकही नवा मुखवटा नव्हता. आज लगदा भिजवला तरी तीन आठवडे. नकार दिला तरी अ‍ॅप तो उशिरातच धरणार. तिने स्नेहाला फोन लावायचा विचार केला, मग लावला नाही. स्नेहा काय सांगणार ते तिला ठाऊक होतं, आणि ते मुलीच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

मंगळवारी दुपारी मुकुंदराव बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले. जिन्यावरची त्यांची पावलं थांबेपर्यंत ती स्वयंपाकघरात उभी राहिली. मग तिने ट्रंक ओढली.

पातळाच्या घड्या सोडवून तिने त्यातल्या त्यात स्वच्छ अशी एक थोरली निवडली. तिची धाकटी पुन्हा गुंडाळून ठेवली. खोबरेल तेलात कापूस बुडवून कपाळ पुसलं, कुंकू निघालं, हळदीचा पिवळा डाग राहिला. त्यावर तिने गुलाबी रंगाचा हात दिला, तो वाळल्यावर दुसरा. मानेच्या पोकळीत हेअरपिन घालून आत अडकलेला कापूस ओढून काढला, मुखवटा उलटा करून ठोकला. सात-आठ अक्षता ओट्यावर पडल्या. त्या तिने मुठीत धरल्या, कुठे टाकाव्यात ते सुचेना, म्हणून तुळशीच्या कुंडीत टाकल्या. चोरी करताना माणूस असाच पाय न वाजवता वावरतो. स्वतःच्याच घरात ती पाय न वाजवता वावरत होती.

मग डाळीच्या डब्याला टेकवून तिने फोन उभा केला. मुखवटा कागदावर ठेवला. उजवा हात सवयीने करंड्याकडे गेला आणि फोनच्या लाल ठिपक्याकडे पाहून मागे आला. गुळगुळीत, नवा, गुलाबी रंग दिलेलं कपाळ वर पाहत होतं. तिने त्यावर कागद मिटला.

मुकुंदराव परत आले ते खुशीत. "मी जिवंत आहे, सरकारनं मान्य केलं," ते म्हणाले. तिने त्यांना चहा दिला. खोकं दारापाशी चिकटपट्टी लावून तयार होतं.

"झाला इतक्यात?" त्यांनी विचारलं.

"एक पडला होता जुना," ती म्हणाली.

बुधवारी पार्सल निघालं. त्यानंतरचा एकेक दिवस तिने मोजला. डिलिव्हरीवाल्याची गाडी खाली थांबली की ती हातातलं काम टाकून खिडकीशी जाई, पण तो दुसऱ्या कुणाकडे तरी जाई.

मार्गशीर्ष सरत आला तेव्हाची गोष्ट. रविवारची सकाळ होती. अपर्णा मेथी निवडत बसली होती, मुकुंदराव दाढी करत होते. स्नेहा पलंगावरून ओरडली.

"आई! फाइव्ह स्टार! बिदरवाल्या आजींनी केवढं लिहिलंय बघ. मराठीत आहे पण."

"वाच ना," मुकुंदराव साबणाच्या तोंडाने म्हणाले.

स्नेहाचं मराठी वाचन म्हणजे खडीच्या रस्त्यावरून सायकल. ती बोट ठेवून, अडखळत वाचू लागली.

"मुखवटा गेल्या वर्षी... सारखाच सुंदर. बघून डोळे नि... निवले. गेल्या साली मी माझ्यासाठी घेतला होता, यंदा नव्या सुनेच्या पहिल्या गुरुवारसाठी मागवला. फक्त एक... विचारते, राग मानू नये. गेल्या साली तुम्ही लक्ष्मीला कुंकू लावून पाठवली होती. यंदा ती मोकळ्या कपाळाने आली. मनात... पाल चुकचुकली. तुमच्या घरी सर्व सुखरूप आहे ना? मी तिला उंबऱ्यातच कुंकू लावले."

"बघितलंस?" मुकुंदराव म्हणाले. "कुणी तरी विचारणारं आहे."

अपर्णाची बोटं मेथीच्या जुडीत थांबली होती.

"अजून आहे," स्नेहा म्हणाली. "मग मुखवट्याच्या मानेत आत एक अ... अक्ष... अक्षता चिकटलेली सापडली, तेव्हा जिवात जीव आला. म्हटले, बाईंनी ओटी भरूनच पाठवणी केली आहे, कुंकू तेवढे गडबडीत राहिले. असे मायेने कोण पाठवते हल्ली. ती अक्षता सुनेने देव्हाऱ्यात जपून ठेवली आहे. तारामती." ती थांबली. "अक्षता म्हणजे ते यलो राइस ना? तू आत राइस टाकतेस, आई? व्हिडिओत तर दिसलं नाही."

अपर्णाने जुडीतली एक काडी उपसली.

"बरं झालं नाही दिसलं," स्नेहा हसली. "मी थँक यू टाकलाय. आता ती नजर-बिजर सगळी उठेल बघ. न्यू इयरला फुल लिस्टिंग करू आपण."

मुकुंदरावांनी वस्तरा धुतला आणि आरशातून बायकोकडे पाहिलं. ती अजून त्याच काडीकडे बघत होती.

"स्नेहा," ती शेवटी म्हणाली. "तिचे सात दिवस झाले का गं?"

"कसले?"

"परत पाठवायचे."

"कधीच संपले, आई," स्नेहा फोन बाजूला टाकून म्हणाली. "आता काही ती परत येत नाही. तू टेन्शन घेऊ नको."