बागेनं घेतलेलं माप

टेलरमास्तरांनी आयुष्यात साधी कुंडी जगवली नव्हती. पण मुलगी आणि नात कायमच्या राहायला येणार म्हटल्यावर घरामागच्या रिकाम्या अंगणात बाग करायचं त्यांनी मनावर घेतलं. आणि मास्तरांनी मनावर घेतलं की संपलं, मग ब्रह्मदेवाच्या बापाचंही ते ऐकत नसत.

नात सहा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून नाव पडलं भिंगरी. तिला पळायला हिरवळ, कोपऱ्यात झोपाळा, कडेनं फुलांचे वाफे, असं सगळं ठरलं. शेजारच्या नर्सबाई कुंपणावरून म्हणाल्या, "माळी बोलवा की, मास्तर. कात्री चालवली म्हणजे कुदळ चालवता येते होय?"

"कापड काय नि जमीन काय, बाई, आधी बेतावं लागतं," मास्तर म्हणाले.

जमीन त्यांनी खरोखरच कापडासारखी बेतली. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, चुन्याची फक्की ओढली. दुकानातली सवय मात्र सुटली नाही. तिथे माप घेताना ते आधी गिऱ्हाइकाचं नाव मोठ्यानं घेत आणि मग आकडा. वही ते ठेवत नसत, आणि नाव न घेता माप घेतलं की एकाची बाही दुसऱ्याच्या सदऱ्याला लागते. ज्याचं नाव त्याचं कापड, हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा. त्यामुळे टेप जमिनीला लागला की तोंडातून आपसूक निघे, "भिंगरी, लांबी..." बाग तिच्यासाठी होती, दुसऱ्या कुणाचं नाव घेणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी रेषा सरकलेल्या होत्या. फार नाही, शिवण आत घ्यावी तेवढ्याच. वारा म्हणावा तर फक्की कुठे विसकटली नव्हती, कुत्रं म्हणावं तर मातीत पाऊल नव्हतं. मास्तरांनी स्वतःच्या म्हातारपणाला दोष दिला आणि पुन्हा रेषा ओढल्या. त्याच्या पुढच्या सकाळी खुंट्याही आत आल्या होत्या. सगळी आखणी अंगणाच्या मधोमध गोळा झाली होती, आणि वाफे भलतेच वळले होते.

मास्तर गच्चीवर जाऊन वाकून बघू लागले. खाली फ्रॉक आखलेला होता. गळा, दोन बाह्या, खाली घेर. डावा खांदा जरासा उतरता.

तो खांदा त्यांच्या ओळखीचा होता. भिंगरीचे सगळे फ्रॉक त्यांनीच शिवले होते. त्यांनी मुलीला फोन लावला.

"मीच करणार होते, बाबा," मुलगी म्हणाली. "ही बघा ना, दोन दिवसांत कशी उतरलीय. ताप नाही, काही नाही, जेवतेय चांगली. पण फ्रॉक नुसते खांद्यावरून घसरतायत. डॉक्टर म्हणतात, काही नाही."

"तू इतक्यात येऊ नकोस."

"आता? सामान निघालंसुद्धा. घराची किल्ली देऊन टाकली. राहू कुठे? आणि तुम्ही बाग करताय म्हणून ती नाचतेय नुसती."

मास्तरांनी खराटा घेतला आणि फक्कीचा कण ठेवला नाही. खुंट्या उपटून कुंपणापलीकडे फेकल्या. सकाळी फ्रॉक जागच्या जागी होता, आणि आणखी आत घेतलेला होता. असं आत घेत गेलं की शेवटी काय उरतं, ते शिंप्याला कुणी सांगायला नको. मास्तर पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. नाव त्यांनीच घातलं होतं. कौतुकानं, मोठ्यानं, चारही बाजूंनी.

मग ते उठले. ऑर्डर बदलली तर दुकानात काय करायचे, ते त्यांना आठवलं. त्याच कापडावर पुन्हा टेप लावायचा आणि नवं नाव घ्यायचं. भर उन्हात अंगणाच्या मधोमध उभं राहून त्यांनी टेप स्वतःच्या छातीभोवती गुंडाळला, मग जमिनीला लावला.

"मास्तर, छाती..." ते ओरडले. "मास्तर, पोट..."

"अहो, ऊन लागलं का तुम्हाला?" नर्सबाई पलीकडून म्हणाल्या. "कुणाशी बोलताय?"

"गिऱ्हाईक बदललंय," मास्तर म्हणाले, आणि पुढचं माप सांगू लागले.

सकाळी अंगणात पुरुषी सदरा आखलेला होता, रुंद खांद्यांचा, पोटावर ऐसपैस. मास्तरांना इतकं हायसं वाटलं की ते चक्क हसले. मग जवळ जाऊन पाहिलं. दोन्ही बाजूंनी शिवण थोडी आत घेतलेली होती. त्यांचा हात आपसूक पोटाकडे गेला. भीती वाटली, खूप वाटली. पण कुदळ घेऊन त्यांनी त्या रेषेवरूनच खणायला सुरुवात केली, म्हणजे पुन्हा कुणाचं नाव घालायची सोयच नको.

मुलगी आणि भिंगरी आल्या तोवर वाफे तयार होते. भिंगरी गाडीतून उतरली ती सुटलीच. गाल भरलेले, आवाज टिपेचा. अंगणाला दोन चकरा मारून ती मास्तरांच्या पोटावर येऊन आदळली आणि तिनं त्यांना मिठी मारली.

"आई, बघ! आजोबांना माझे हात पुरले! मागे बोटांना बोटं लागली!"

"बाबा, केवढे वाळलात हो!" मुलगी म्हणाली. "एवढं मरमर राबायचं का त्या बागेपायी?"

मास्तरांनी नातीच्या डाव्या खांद्यावरून हात फिरवला. फ्रॉक अंगाला नीट बसला होता.

"आणखी घट्ट धर," ते म्हणाले.